हाताला एकदा, पायाला एकदा

प्रति,
मा. उपसंचालक, आरोग्य सेवा, छत्रपती संभाजीनगर मंडळ आणि लातूर मंडळ,
तसेच मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचे जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी.

साहेब, मॅडम, नमस्कार.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. मी डॉक्टर नाही, डी. फार्म. झालेला दुकानदार आहे. हेच पत्र टपालाने पाठवलं असतं तर आवक रजिस्टरला चढून, शिक्का बसून, 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' कुणाच्या तरी टेबलावर जाऊन बसलं असतं. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. मागणी एवढीच, की प्रत्येक नवजात बाळाला घरी सोडायच्या आधी त्याच्या रक्तातला ऑक्सिजन यंत्राने मोजा.

दुकानात माझ्या डोक्याच्या वरच्या फळीवर एक खोका आहे. त्यात अकरा पल्स ऑक्सिमीटर आहेत. २०२१च्या एप्रिलमध्ये हे यंत्र लोक रांगा लावून नेत होते. भाव रोज चढत होता, आणि खोटं कशाला बोलू, मीही चढवला होता. लाट ओसरली, मागणी संपली, उरलेला माल फळीवर गेला. पुढच्याच वर्षी त्या फळीखाली बसून मी माझ्या तान्ह्या लेकीसाठी अँटिबायोटिकचं सिरप तीनदा काढून दिलं. तिच्या रक्तातला ऑक्सिजन ८४ होता, हे कळायला आम्हाला त्रेपन्न दिवस लागले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

आता जाणकार म्हणतील की मोठ्यांची क्लिप तान्ह्या लेकराच्या बोटाला बसत नाही, आकडा भलताच येतो. बरोबर आहे. त्याला पट्टीसारखा गुंडाळायचा नवजात बाळाचा प्रोब लागतो. पण मला तो मागवायचंही सुचलं नाही. ज्यांच्याकडे आम्ही गेलो त्यांनाही सुचलं नाही, आणि पत्र लिहितोय ते त्या दुसऱ्या गोष्टीसाठी.

बाळंतपण नॉर्मल झालं. वजन दोन किलो आठशे. लेकरू रडलं, अंगावर प्यायलं, दुसऱ्या दिवशी दुपारी सुट्टी झाली. आशाताई ठरल्या दिवशी येत गेल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या. एकविसाव्या दिवशी त्यांनी झोळीच्या काट्यात लेकराला ठेवलं आणि काटा दोनदा बघितला. वजन जन्माच्या वजनाहून जेमतेम शंभर ग्रॅम जास्त. मग त्यांनी पिशवीतून घड्याळ काढलं, लेकराचं झबलं वर केलं आणि पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. ओठ हलत होते त्यांचे. चौसष्ट. "साठच्या वर चालत नाही भाऊ, आजच दाखवा," म्हणाल्या आणि चिठ्ठी दिली. माझ्या लेकीचं काहीतरी बिनसलंय हे सगळ्यात आधी ओळखलं ते या बाईने, एका घड्याळावर. पुढे ती चिठ्ठी कुणी उलगडूनही बघितली नाही.

डॉक्टर म्हणाले न्युमोनिया. सिरप, नेब्युलायझर, पाच दिवसांनी दाखवा. थोडं बरं वाटायचं, पुन्हा पोट उडायला लागायचं. माझी आई म्हणाली डबा झालाय. शेजारच्या म्हातारीने ग्रहणात सुनेने भाजी चिरली होती का, इथपर्यंत चौकशी केली. बायको मात्र रोज एकच गोष्ट सांगत होती, "पिताना हिच्या कपाळाला घाम येतो, आणि दोन घोट ओढले की थकून सोडते." मी म्हणालो, भादव्याचं ऊन आहे, पंखा वाढव. पुढे मुंबईत लेकीला बघितल्यावर तिथल्या मॅडमनी बायकोला विचारलेला पहिला प्रश्न होता, दूध पिताना घाम येतो का? तान्ह्या लेकराला दूध ओढणं म्हणजे डोंगर चढणं असतं, हृदय थकलं की ते तिथेच दिसतं. बायको माझ्याकडे बघत नव्हती. मीही तिच्याकडे बघितलं नाही.

त्रेपन्नाव्या दिवशी रात्री आम्ही दुसऱ्या दवाखान्यात गेलो. तिथे नव्याने लागलेली एक सिस्टर होती, वीस-बावीस वर्षांची. कुणी सांगितलेलं नसताना तिने मॉनिटरची ती छोटी पट्टी लेकीच्या उजव्या तळहाताला गुंडाळली. आकडा आला ८४. वॉर्डबॉय म्हणाला, "ते मशीन असंच दाखवतंय, वायर ढिली आहे." सिस्टरने पट्टी सोडली, स्वतःच्या बोटाला गुंडाळली. ९८. पुन्हा लेकीला लावली. ८४. मग पायाला. ८४. तिने वॉर्डबॉयकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही, सरळ डॉक्टरांना उठवायला गेली. सगळं मिळून तीन मिनिटं लागली असतील.

परभणीला मोठ्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी टू-डी इको केली. म्हणाले, छिद्र दिसतंय, पण नुसतं छिद्र नाही, लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर बघतील तेव्हाच कळेल. एकशे आठने छत्रपती संभाजीनगर गाठलं. तिथे त्या डॉक्टरांनी जेलचा थंड प्रोब लेकीच्या छातीवर, मग पोटावर, मग गळ्याच्या खळगीत धरून अर्धा तास बघितलं, आणि चिठ्ठीच्या पाठीमागे पेनने चित्र काढून दिलं. तो कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय.

चित्र असं. फुफ्फुसांत शुद्ध झालेलं रक्त चार शिरांमधून हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात यायला पाहिजे आणि तिथून सगळ्या अंगाला जायला पाहिजे. आमच्या लेकीच्या चारही शिरा हृदयाच्या मागे एकत्र होऊन एका उभ्या शिरेने गळ्याकडे गेल्या होत्या आणि अशुद्ध रक्ताच्या मोठ्या शिरेला मिळाल्या होत्या. म्हणजे शुद्ध रक्त फिरून पुन्हा उजव्याच बाजूला. आमच्याकडे शेतकऱ्याला समजेल असं सांगायचं तर पाटाचं दार भलत्याच बाजूला मोडलेलं. पाणी आहे, वाहतंय, पण आपलं वावर कोरडं आणि शेजारचं चिबडलेलं. डाव्या बाजूला जे काही रक्त जात होतं ते वरच्या दोन कप्प्यांमधल्या छिद्रातून. नातेवाईक फोनवर सांगत होते, छिद्र बुजवून टाका म्हणावं. त्या छिद्रावरच लेकरू जगत होतं.

या दोषाला टीएपीव्हीसी म्हणतात. साधारण दहा ते पंधरा हजार बाळांमागे एकाला असतो. शिरा कुठे जाऊन मिळतात त्यावर त्याचे प्रकार. आमच्या लेकीसारख्या वर गळ्याकडे जाणाऱ्या सगळ्यात जास्त, काही हृदयाच्याच मागच्या शिरेत उघडणाऱ्या, काही छातीचा पडदा ओलांडून खाली यकृताकडे जाणाऱ्या. हा खालचा प्रकार वाईट, कारण वाटेत शीर दबते, रक्त फुफ्फुसात तुंबतं आणि लेकरू जन्मल्यावर काही तासांत, फार तर काही दिवसांत काळंनिळं पडतं. तिथे औषधाने वेळ काढता येत नाही, ऑपरेशन हाच इलाज. एकच किंवा दोनच शिरा चुकलेल्या असतील तर माणूस शाळा-कॉलेज करतो, कधी चाळिशीत दम लागल्यावर कळतं. आमच्या वॉर्डात दहावीतली एक मुलगी तशी होती, हसत-खेळत आली आणि आठ दिवसांत हसत-खेळत गेली. पण चारही चुकलेल्या आणि ऑपरेशन नाही, तर पाचातली चार लेकरं पहिला वाढदिवस बघत नाहीत.

आणि ऑपरेशन म्हणजे काही चमत्कार नाही. उघड्या हृदयावर हा दोष दुरुस्त करायला सुरुवात झाली ती १९५६ साली, अमेरिकेत मिनेसोटाला. म्हणजे संभाजीनगरच्या घाटीचं मेडिकल कॉलेज सुरू झालं त्याच वर्षी. भारतात उघड्या हृदयाच्या शस्त्रक्रिया १९६१ पासून होतात. आमच्या लेकीचं ऑपरेशन मुंबईत एकसष्टाव्या दिवशी झालं. त्या वेळी तिचं वजन तीन किलोला थोडं कमी होतं, हृदय तिच्या मुठीएवढं, आणि सगळ्या अंगात रक्त जेमतेम पाव लिटर. ते हृदय थांबवून रक्त मशीनवर घेतात, अंग थंड करतात, हृदय अलगद उचलून मागची ती एकत्र झालेली शीर डाव्या कप्प्याला केसाहून बारीक धाग्याने शिवतात, वर जाणारी चुकीची शीर बांधतात आणि मग, मगच, छिद्र बंद करतात. सर्जन आम्हाला बाहेर येऊन म्हणाले, "टाके चांगले बसलेत. आता पुढचे दोन दिवस तिच्या फुफ्फुसांचे." चार दिवस व्हेंटिलेटरवर होती. पाचव्या दिवशी नळी काढली तेव्हा रडण्याचा आवाज बसलेला होता, कोंबडीच्या पिलासारखा. तिची जीभ पहिल्यांदा गुलाबी बघितली. तोवर ती जांभळट होती हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. सावळ्या लेकराचा निळेपणा झिरो बल्बच्या उजेडात दिसत नाही, साहेब. ओठ आणि नखं बघून आम्ही म्हणत होतो, आजोबांवर गेलीय.

आता मुद्द्याचं.

तीन वेळा न्युमोनिया म्हणणाऱ्या डॉक्टरांवर मी बराच काळ खार खाऊन होतो. मग दुकानात बसून हिशेब केला. वर्षाला हजार बाळंतपणं होणाऱ्या दवाखान्यात हा दोष दहा-पंधरा वर्षांतून एकदा येणार. जो आजार आयुष्यात दोनदा बघायला मिळतो त्याची आठवण रात्री अकरा वाजता, बाहेर तीस पेशंट बसलेले असताना, डॉक्टरने ठेवावी ही अपेक्षाच खोटी. स्टेथोस्कोपलाही यात फारसं ऐकू येत नाही. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत तर सगळ्यात जास्त निसटणाऱ्या दोषांपैकी हा एक, कारण पोटातल्या बाळाच्या फुफ्फुसांत रक्तच थोडं जातं, शिरा बारीक असतात. म्हणून माणसाच्या आठवणीवर हे सोडू नका. यंत्रावर सोडा.

जन्मानंतर चोवीस तास झाले की, घरी सोडायच्या आधी, ती पट्टी उजव्या हाताला एकदा आणि कुठल्याही एका पायाला एकदा. आकडा ९५ किंवा वर आणि हातापायातला फरक तीनपेक्षा जास्त नाही, तर लेकरू घरी. नव्वदच्या खाली असेल तर ताबडतोब पुढे. मधलं काही आलं तर तासाभराने पुन्हा, आणि पुन्हा. अमेरिकेने २०११ साली प्रत्येक नवजात बाळाच्या शिफारस केलेल्या तपासण्यांच्या यादीत ही घातली आणि ज्या गंभीर दोषांसाठी घातली त्यांत टीएपीव्हीसीचं नाव आहे. सगळे दोष यात सापडत नाहीत, हेही मी वाचलंय. महाधमनी अरुंद असलेली काही लेकरं यातूनही निसटतात. आणि आकडा कमी आला म्हणजे हृदयच असेल असं नाही. कधी फुफ्फुसांचं काही असतं, कधी रक्तात जंतू झालेले असतात. पण तसं लेकरू तरी घरी कशाला पाठवायचं?

तुम्ही म्हणाल, यंत्रं कुठून आणायची, माणसं कुठून आणायची. २०२० च्या सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत तुमच्याच विभागाने ऑक्सिमीटर घेऊन माणसं घरोघरी पाठवली. आमच्या गल्लीतल्या ऐंशी वर्षांच्या आजोबांचं बोट त्यांनी ओट्यावर बसून मोजलं होतं. तेव्हा जमलं. जिल्हा रुग्णालयांच्या नवजात दक्षता कक्षात ते नवजात बाळांचे प्रोब आजही आहेत. पण तिथे पोहोचतं ते लेकरू आधीच आजारी ठरलेलं असतं. जे धडधाकट म्हणून सुट्टी घेऊन जातं त्याला कुणी मोजत नाही, आणि माझी लेक धडधाकट म्हणूनच गेली होती. प्रश्न पट्टी प्रसूती कक्षापर्यंत नेण्याचा आणि तो आकडा माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिण्याचा आहे. लसीची तारीख लिहायला रकाना आहे, वजनाला आहे. याला एक करा. रकाना रिकामा दिसला की आपल्याकडे माणूस तो भरतो, हे मला स्टॉक रजिस्टरवरून माहीत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून बाई चोवीस तासांच्या आतच घरी जाते, तर तिसऱ्या दिवशी आशाताई जातातच. घड्याळाशेजारी तेवढं एक यंत्र त्यांच्या पिशवीत असू द्या.

इथे शिबिरांबद्दल बोललंच पाहिजे. आमच्याकडे हृदयरोग शिबिरांचे फ्लेक्स लागतात, लेकराच्या फोटोपेक्षा नेत्याचा फोटो मोठा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून देशभर सुरू झाला, आणि त्यातून शाळेतली कितीतरी पोरं शोधून ऑपरेशनला पाठवली जातात. वॉर्डातली ती दहावीतली मुलगी त्यांनीच शोधलेली. त्या पथकांना माझा हात जोडून नमस्कार. पण शाळेत सापडतं ते शाळेपर्यंत जगलेलं लेकरू. माझ्या लेकीसारखी जी असतात, ती पथकाची गाडी गावात यायच्या आधीच 'न्युमोनियाने गेलं' म्हणून संपलेली असतात. त्यांची नोंद हृदयाच्या खात्यात होतच नाही. त्यामुळे आकडेवारीत आपल्याकडे हा आजार दुर्मीळच राहणार.

मुंबईच्या त्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर बीड जिल्ह्यातलं एक जोडपं होतं. ऊसतोडीचा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची तोडणीची जोडी. लेकरू सांगलीकडच्या फडात असताना जन्मलं होतं, आमच्या लेकीसारखाच दोष, पण चार महिन्यांचं होऊन आलेलं आणि वजन तीन किलो दोनशे. त्यांच्या गावची आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी गेली असेल तर कुलूप लावलेल्या दारासमोर. फडाच्या गावातल्या आशेच्या यादीत ही बाई नव्हती. दोन जिल्ह्यांच्या रजिस्टरांच्या मध्ये ते लेकरू पडलं होतं. बापाच्या खिशात फोन सारखा वाजायचा, तो बाहेर जिन्यात जाऊन बोलायचा. मुकादमाचा असायचा. उचल घेतलेली होती, फेडायची होती, आणि जोडीतलं एक माणूस बसलं की दुसऱ्याचीही मजुरी बसते. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी तो परत गेला. बाई एकटी राहिली, एकवीस दिवस. लेकराच्या फुफ्फुसांचा दाब इतके महिने चढलेला होता की व्हेंटिलेटर काढला की पुन्हा लावावा लागायचा. शेवटी सुटलं ते. आईने जाताना माझ्या बायकोला बिब्ब्याची माळ दिली, आमच्या लेकीच्या गळ्यात बांधायला. बांधलीय. डॉक्टरांना चालते म्हणे.

ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. कोणत्या तालुक्यातून कुठल्या कारखान्याला किती कोयते गेले ते मुकादमाला पाठ असतं. त्यातल्या गरोदर बायांची यादी तिकडच्या आरोग्य केंद्राला इकडून आधीच जाऊ शकते. त्या यादीत नाव असतं तर त्या लेकराचा आकडा तिसऱ्या दिवशी कळला असता.

आता आकडा कमी आल्यावर काय? त्रेपन्नाव्या दिवसानंतर आमचेही आठ दिवस गेले. त्यातले दोन नुसते कागदात. लेकीचं नाव रेशनकार्डात नव्हतं. नवजात बाळासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जन्मदाखल्यावर सोय आहे, असं मुंबईच्या आरोग्यमित्राने सांगितलं. पण दाखलाच काढलेला नव्हता. का, तर बारसं व्हायचं होतं. नाव ठरल्याशिवाय दाखला मिळत नाही असं आम्हीच धरून चाललो होतो. नावाशिवाय दाखला मिळतो, नाव नंतर घालता येतं, हे मला मेडिकल दुकानदार असून माहीत नव्हतं. माझा भाऊ नगर परिषदेत बसून राहिला, व्हॉट्सॲपवर दाखल्याचा फोटो आला तेव्हा पुढचं सुरू झालं. योजनेची मर्यादा तेव्हा दीड लाखाची होती, आता पाच लाखांची केलीय. चांगलंच झालं. ऑपरेशनचा पैसा आम्हाला लागला नाही, हे मी सगळ्यांना सांगत असतो, कारण 'हृदयाचं ऑपरेशन' ऐकून वावर विकायला निघालेले लोक माझ्या काउंटरवर येतात. आमच्या नांदेडचा तर २०१२ साली योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत नंबर होता. तरी जिल्ह्याजिल्ह्यांत हे सांगणारा माणूस प्रसूती वॉर्डात नसतो.

केरळने २०१७ पासून 'हृद्यम' नावाचा कार्यक्रम चालवलाय. लेकराच्या हृदयात दोष आढळला की कुठल्याही डॉक्टरने, किंवा आईबापांनी स्वतः, एका ठिकाणी ऑनलाइन नोंद करायची. तज्ज्ञ बघून ठरवतात कोण आज हलवायचं, कोण महिनाभर थांबू शकतं, आणि खाट कुठे रिकामी आहे ते त्यांनाच माहीत असतं. बापाने तीन शहरांत फोन लावत बसायचं नाही. मी त्या आठ दिवसांत सत्तेचाळीस फोन लावले होते. नंतर मोजले, मोबाइलमध्ये होते. आपल्याला आठ जिल्ह्यांपुरतं एवढं जमणार नाही का? एक नंबर, त्या नंबरावर रात्रीही उचलणारा एक माणूस, आणि घाटी, नांदेड, लातूर, अंबाजोगाईला आठवड्यातून एक ठरलेला दिवस, जेव्हा लहान मुलांच्या हृदयाचा जाणकार इकोला बसलेला असेल. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आता मुंबईच्या तोंडापर्यंत पूर्ण झालाय, जालन्यातून एकदा वर चढलं की गाडी सुसाट जाते. आमच्या वेळी प्रश्न रस्त्याचा नव्हताच, रस्त्याला लागायलाच आमचे दोन महिने गेले.

त्या इकोच्या दिवसाची गरज ऑपरेशननंतरही लागते. या दोषात दहातल्या एखाद्या लेकराच्या शिवलेल्या शिरा पुढे आवळतात, बहुतेक पहिल्या वर्षातच. म्हणून महिन्याला, मग तीन महिन्यांना, मग सहा महिन्यांना इको. दर वेळी देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर जायचं, दहा मिनिटांची तपासणी करायची, रात्री परतीची गाडी. दुकान बंद ठेवून मी करू शकलो. बीडच्या त्या बाईने केलं असेल की नाही, मला विचारायची हिंमत झाली नाही, तिचा नंबर अजून माझ्याकडे आहे.

लेक आता साडेतीन वर्षांची आहे. अंगणवाडीत जाते, खिचडीतले वाटाणे निवडून शेजारणीच्या ताटात टाकते. छातीवर उभी रेघ आहे, कुणी विचारलं तर "चेन आहे" म्हणते.

राहता राहिली एक गोष्ट, तीही तुमच्याच अखत्यारीतली. गेल्या वर्षी लेकीच्या वाढदिवसाला मी नवजात बाळाच्या प्रोबसकट एक चांगलं हातातलं ऑक्सिमीटर विकत घेतलं आणि जवळच्याच एका सरकारी दवाखान्याच्या प्रसूती कक्षाला दिलं. पेढेही दिले. सिस्टर खूश झाल्या. महिन्याभराने सहज गेलो तर यंत्र दिसेना. विचारलं तर कळलं, ते स्टोअरच्या कपाटात आहे. देणगी म्हणून स्वीकारायला वरून पत्र नाही, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद नाही, आणि नोंद नसलेली वस्तू वापरताना बिघडली तर जबाबदारी कुणाची, म्हणून आत ठेवलंय. सिस्टरनी वाईट वाटून सांगितलं, त्यांचा दोष नाही. मी पत्रासाठी दोन अर्ज दिलेत, दोन्हींच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत.

त्या कपाटाची किल्ली स्टोअरकीपरकडे असते. ते सोमवार ते शुक्रवार, पावणेदहा ते सव्वासहा असतात. वॉर्डातून लेकरं सुट्टी घेऊन मात्र सातही दिवस घरी जातात, रविवारी जास्त, कारण रविवारी गाडी करून न्यायला माणसं मोकळी असतात. तेवढं पत्र काढा, साहेब.

आपला,
परभणी जिल्ह्यातला एक मेडिकल दुकानदार